मराठीची परीक्षाच नाही

कॅलिफोर्नियात कोर्टात दुभाषी म्हणून काम करायचं ठरवलं, तेव्हा आधी इंग्रजीतली लेखी परीक्षा द्यावी लागली. १३५ प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८० टक्के. इंग्रजी भाषा, कोर्टातल्या संज्ञा आणि दुभाष्याची आचारसंहिता. पुढे इंग्रजी संभाषणाची तोंडी परीक्षा झाली. स्पॅनिश किंवा पंजाबीच्या उमेदवाराची खरी कसोटी लेखी परीक्षेनंतर लागते. हातात कागद मिळताच तो वाचत वाचत दुसऱ्या भाषेत सांगायचा, साक्षीदाराचं उत्तर ऐकून ते पोचवायचं, आणि वकील बोलत असतानाच त्याच्या बरोबरीने बोलत राहायचं. हे जमलं की तो उमेदवार 'सर्टिफाइड'. मराठीला ही परीक्षाच नाही, म्हणून मी 'रजिस्टर्ड'. माझं भाषांतर कुणी तपासलेलंच नाही, आणि हे मला आजही खुपतं.

दोन्ही भाषा उत्तम येणारा माणूसही इथे अडतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येऊन जातं, मराठीत ते शेवटी लागतं. वकिलाचं पुढचं वाक्य ऐकत असताना मागचं क्रियापद मनात धरून ठेवावं लागतं. बातम्या लावायच्या, बरोबरीने बोलायचं, ते रेकॉर्ड करून ऐकायचं, असा सराव मी घरी केला. मात्र तो बरोबर होता की नाही हे सांगणारा परीक्षक मला मिळाला नाही.

कोर्टातले नियम कडक आहेत, आणि ते तसेच हवेत. साक्षीदार 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. शिवी आली तर शिवी सांगायची. सल्ला एका शब्दाचाही द्यायचा नाही. घरगुती हिंसाचाराच्या एका सुनावणीत न्यायाधीशांनी प्रश्न विचारला, तेव्हा त्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्हीच सांगा ना, मी काय बोलू?" मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत न्यायाधीशांना सांगितलं. फार जड गेलं. पण न्यायाधीशांनी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला आणि बाई बोलू लागल्या. त्याआधी एकदा नवऱ्याचाच एक नातेवाईक त्यांच्यासाठी भाषांतराला उभा राहिला होता. आपलं म्हणणं त्याने काय सांगितलं, हे त्यांना कधीच कळलं नाही.

इंग्रजी न समजणाऱ्या आरोपीला दुभाषी मिळण्याचा हक्क या राज्याच्या घटनेत १९७४ पासून आहे. २०१५ पासून दिवाणी दाव्यांतही कोर्टाच्या खर्चाने दुभाषी देण्याचा कायदा आहे. तेव्हा इथल्या कोर्टात आई-वडिलांची किंवा शेजाऱ्यांची तारीख लागली, तर मुलांना भाषांतराला उभं करू नका. क्लार्ककडे आधीच अर्ज देऊन मराठी दुभाषी मागा. मराठीसाठी पूर्ण परीक्षा हवी, हा आग्रहही आपणच धरायला हवा.