अर्जाच्या पोटातला अर्ज

खुटबाव. दौंडच्या या ऊसपट्ट्यात पीकनोंदीचा अर्ज रचीत असता, एका गटात अनेक खातेदार आणि प्रत्येक खातेदाराखाली अनेक पिके, अशी पोटभागात पोटभाग शिरत जाणारी रचना पाहून, सातबाराचे दप्तर बांधणाऱ्या महसुली परंपरेविषयी माझा आदर दुणावला. एचटीएमएलमध्ये मात्र फॉर्मच्या आत फॉर्म निषिद्ध. ब्राउझर आतली आरंभखूण निमूटपणे गाळतो, आणि आतली समाप्तीखूण बाहेरचाच फॉर्म मिटवून टाकते. प्रत्येक पिकाचा स्वतंत्र घटक केला, तर शॅडो डॉमच्या पडद्याआडचे त्याचे रकाने बाहेरच्या फॉर्मला दिसतही नाहीत. म्हणून ऊस, कांदा अशा प्रत्येक पिकाच्या घटकाने आपले क्षेत्र स्वतः तपासून, ब्राउझरच्या एलिमेंट इंटर्नल्स या सोयीमार्फत मूल्य व वैधता वर कळवावी, आणि या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राबाहेर जात नाही एवढे बाहेरच्या फॉर्मने पाहावे, हीच व्यवस्था मला न्याय्य वाटते.