विमानाचे पाय

घरी विमान बांधायचं वेड डोक्यात घेतलेली तरुण मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा बोलणं पंखांवर आणि इंजिनावर चालतं. मी मात्र आधी एकच विचारतो, "उतरणार कुठं? डांबरावर, की शेताकडेच्या गवतावर?" विमानाचे पाय, म्हणजे लँडिंग गिअर, या उत्तरावरून ठरतात.

हिशेब साधा आहे. सेकंदाला ३ मीटर वेगानं खाली येणारं विमान जमिनीला टेकतं, ते ४६ सेंटिमीटरवरून सोडल्यासारखं. पाय ५ सेंटिमीटर दबून थांबले, तर सांगाड्यावर सरासरी वजनाच्या नऊपट भार येतो. २० सेंटिमीटर दबले, तर सव्वादोनपट. पायांचं सगळं शास्त्र या दबण्यात आहे.

दबण्याचे मार्ग तीन. पायपर कबसारख्या जुन्या विमानात रबरी दोऱ्यांचे वेढे असत: हलके, स्वस्त, पण रबर म्हातारं होतं. दुसरा मार्ग तेल आणि वायू भरलेल्या नळीचा. ती धक्का खरोखर गिळते, पण तिची सीलं सांभाळावी लागतात. तिसरा मार्ग कोल्हापूरकराच्या ओळखीचा: ट्रकखालचा कमानपाटा. १९३०च्या दशकात अमेरिकेत स्टीव्ह विटमन यांनी आपल्या शर्यतीच्या विमानांना स्प्रिंग-पोलादाचे सपाट पाय बसवले. पुढं सेसना कंपनीनं त्या रचनेचे हक्क घेतले आणि तेच पाय जगभरच्या छोट्या विमानांखाली दिसू लागले. सांधा नाही, सील नाही, वंगण नाही. घरी बांधणाऱ्यानं सुरुवात इथून करावी, असं माझं ठाम मत आहे.

पण ट्रकचा पाटा कापून विमानाला लावता येत नाही. ट्रकच्या पाट्यांच्या थरांत घर्षण असतं, ते उसळी शमवतं. विमानाचा एकच पाटा घेतलेली बहुतेक शक्ती परत देतो आणि विमान चेंडूसारखं उडतं. पाय फाकताना टायर जमिनीवर बाजूला घासतात, तेवढाच काय तो आवर. पोलादाला पाणी किती द्यायचं, हेही नेमकं हवं: कमी पडलं तर पाटा वाकून राहतो, जास्त झालं तर तुटतो. पाट्यावर वेल्डिंगचा ठिपका किंवा ग्राइंडरचा आडवा ओरखडाही नको. तडा तिथूनच सुरू होतो.

दुसरा निर्णय तिसऱ्या चाकाचा. हातगाडी ओढली की मागून सरळ येते, ढकलली की आडवी जायला बघते. नाकाखाली चाक असेल, तर विमानाचा भार मुख्य चाकांच्या पुढं असतो आणि धावताना तो गाडी ओढतो. चाक शेपटीखाली असेल, तर भार मागं राहून ढकलतो. आडव्या वाऱ्यात पायलट जरा गाफील राहिला की विमान गर्रकन फिरतं. तरीही आपल्या काळ्या मातीच्या कडेला, खडबडीत गवतावर, मी शेपटीचं चाक निवडीन. पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, जमिनीपासून उंच राहतो, आणि छोटं नाकाचं चाक खड्ड्यात रुतून मोडायची भीती नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळासारख्या पक्क्या धावपट्टीवरूनच उडायचं आणि हात नवखा असेल, तर नाकाचं चाक बरं. आत घडी होणारे पाय मात्र पहिल्या विमानाला नकोत. मिळणाऱ्या वेगापेक्षा वाढणारं वजन आणि गुंतागुंत महाग पडते.

हे सगळं घरी जमतं का, अशी शंका असेल तर एक उदाहरण आहे. मूळचे साताऱ्याकडचे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ मध्ये ते मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. मराठी माणूस घरी विमान बांधू शकतो का, हा प्रश्न त्यांनी संपवला. आता ते नीट कसं बांधायचं, एवढंच आपल्या हाती आहे.

माझ्या पहिल्या पायांची चाचणी मी शेडमध्ये घेतली. सांगाड्यावर वाळूची पोती रचली, साखळीनं उचललं, सोडलं. पाटे टिकले, पण ते धरणाऱ्या बोल्टांची भोकं लांबट झाली. दोष पाट्याचा नव्हता, माझ्या ब्रॅकेटचा होता, आणि तो कागदावर मला दिसला नव्हता. म्हणून मुलांना सांगतो: पंख जोडण्याआधी सांगाडा पायांवर उभा करा, वाळू भरा आणि उंचावरून सोडा. जे मोडायचं ते शेडमध्ये मोडू द्या. तिथं आत कोणी बसलेलं नसतं.