जुन्या सायकलची चेन

वाचकहो, तुमच्या ओसरीला टेकून ठेवलेली एखादी जुनी काळी सायकल असेलच. भंगारवाला गल्लीत आला की त्याची नजर आधी तिच्यावर जाते. आमच्या चिरंजीवांनी तर मला विचारलेच, "अण्णा, आणखी किती दिवस हिच्यावर पैसे घालणार?"

प्रश्न रास्त आहे. पण नातीचे हायस्कूल चार किलोमीटरवर, आणि एसटी शाळेच्या वेळेला नाही. सीट खाली घेतली की तिचे पाय पुरतात. म्हणून वडिलांची ॲटलस मी ठेवली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या जूनमध्ये थांबला, तरी काही अडत नाही. या 28 इंची सायकलींची मापे ठरलेली; दुसऱ्या कंपनीची चेन, छर्रे, कॉटर हिला बसतात.

पैसा जास्त जातो तो उशीर केल्याने. चेनचेच घ्या. ती ढिली झाली की आपण मागचे चाक ओढून नट आवळतो. दोन-तीनदा निभावते. पण चेन काही रबरासारखी ताणत नाही. आतल्या पिना झिजतात आणि कडीपासून कडी लांब जाते. अशी चेन मग फ्रीव्हीलचे दात खाते. मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यापासून 24 कड्या मोजा. नव्या चेनीत त्या बरोबर 12 इंच भरतात. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरला तर चेन संपली. त्याआधी बदलली तर फ्रीव्हील वाचते. एरवी नवी चेन जुन्या दातांवरून चढाला घसरते, पाय एकदम खाली जातो आणि दुधाच्या किटलीसकट माणूस आडवा होतो.

दुकानदार पुढचे मोठे चक्रही पुढ्यात ठेवील. घाई करू नका. त्याला 44 किंवा 48 दात, मागे बहुधा 18. मागच्या एकेका दाताला अडीचपट काम पडते, तेव्हा आधी मागचेच जातात. पुढचे दात आकड्यासारखे वाकले असतील तरच चक्र बदला.

पायडल मारताना दर फेऱ्याला 'टक्' वाजते? बहुतेक कॉटर हलला आहे. नुसता नट आवळून तो बसत नाही. खाली जड लोखंडाचा आधार देऊन हातोडीने ठोकावा, मग नट लावावा. तसाच चालवला तर भोक मोठे होते आणि चार पैशांच्या कॉटरपायी अख्खा क्रँक बदलावा लागतो. डावे पायडल काढताना ध्यानात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात.

ब्रेकच्या रबराला मात्र मी कधी थांबत नाही. पावसात ओल्या लोखंडी रिमवर नवे रबरसुद्धा नीट धरत नाही, मग झिजलेले काय धरणार? पोर घाटरस्त्याने उतरत असेल तर मृगाच्या आधी चारही रबरे बदलून घ्यावीत.

चिमट्याला किंवा फ्रेमच्या जोडाला चीर दिसली तर मात्र एक पैसाही घालू नये. ती सायकल भंगारात द्यावी; चांगली चाके आणि सीट तेवढी काढून घ्यावी. आमच्या सायकलीचे जोड मी रॉकेलने पुसून उन्हात पाहिले, साबूत आहेत. मागचा टायर तेवढा राहिला आहे. सोयाबीनचे पैसे आले की तोही आणू.