गहाण पडलेला प्रांत

वाशीमच्या बालाजीचे दर्शन घेऊन मी हिंगोलीच्या मोटारीत बसलो. वाटेत पैनगंगा लागली, मग कन्हेरगाव नाका. आता तेथे कोणी गाडी अडवीत नाही. नावात मात्र नाका उरला आहे. १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचे राज्य होते, अलीकडे वऱ्हाड.

पण वऱ्हाड तरी कोणाचे? शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी ती हकीकत सांगितली. हिंगोलीच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज असे. तिचा खर्च निजामाने द्यावयाचा. तो थकला आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर हा पट्टा कायमचा झाला. धनी हैदराबादेस, कारभारी इंग्रज!

म्हातारा म्हणाला, “आमचं वावर गहान पडते, तवा सावकार निदान आमचा आंगठा त घेते. याच्यात कोनाचा घेतला?”

कोणाचाच नाही. १९३७ मध्ये लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले, तरी कागदोपत्री प्रांत निजामाचाच होता आणि त्याचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवीत होता. १९४७ साली इंग्रज निघाले, तेव्हा निजामाने वऱ्हाड परत मागितले. ते मिळाले नाही. वऱ्हाड भारतातच राहिले.

पुढे १९५२ च्या सुमारास पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. म्हाताऱ्याच्या वडिलांनीही तेव्हा मत दिले होते म्हणे. शंभर वर्षांनी का होईना, वऱ्हाडाला कोणी तरी विचारले होते!