तरंगती घोडी

लिओ फेंडर यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तेव्हा तिच्या ब्रिजला 'सिंक्रोनाइज्ड ट्रेमोलो' असे नाव दिले. हे नाव चुकीचे आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणातला कंप. या ब्रिजची दांडी हलवली की बदलते ती स्वराची उंची, म्हणजे तो व्हायब्रेटो. गंमत अशी की त्यांच्याच अनेक अ‍ॅम्प्लिफायरांवर जिथे खरा ट्रेमोलो होता, तिथे 'व्हायब्रेटो' असे छापले गेले. आपल्याकडे या क्रियेच्या जवळ जाणारा शब्द आहे, आंदोलन. दरबारीतला गांधार आठवावा. पण चंद्रपूर-गडचिरोलीत तो शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला जंगल, जमीन आणि मोर्चा आठवतो. तेव्हा आम्हीही नाइलाजाने ट्रेमोलोच म्हणतो.

सतारीची घोडी तबलीवर बसलेली असते; ही मात्र तरंगते. वरून सहा तारा तिला मानेकडे ओढतात. पातळ तारांचा नेहमीचा संच सुरात लावला तर ही ओढ सुमारे ३८ किलो भरते. गिटारच्या पाठीतल्या पोकळीत स्प्रिंगा उलट ओढत असतात. दोन्ही जोर तुल्यबळ झाले की घोडी लाकडाला समांतर उभी राहते. म्हणून इथे कोणतीही तार एकटी नाही. खर्जाची तार चढवली की उरलेल्या पाच उतरतात. त्या चढवाव्यात तर पहिली पुन्हा उतरते. एक शब्द बदलला की अख्खे कडवे डगमगावे, तसे हे काम आहे. त्यावर युक्ती अशी: घोडीच्या ठोकळ्यामागे, गिटारच्या बुडाकडच्या बाजूला, पाचर घालून ती समांतर धरायची, तारा सुरात लावायच्या, मग स्प्रिंगांचे दोन स्क्रू थोडेथोडे आवळत जायचे. पाचर आपोआप सुटून पडली की समतोल साधला.

तो टिकवणे वेगळे. मे महिन्यात इथे पारा ४६ अंशांवर जातो, कूलरच्या दमट वाऱ्यात लाकूड फुगते. डिसेंबरच्या रात्री गारठ्याने तारा आखडून चढतात.

झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याची अडचण याहून मोठी होती. भर प्रयोगात तार तुटली तर स्प्रिंगांना मोकळीक मिळते, घोडी मागे खेचली जाते आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात. शेजारचा ऑर्गन आपल्या पट्टीत ठाम. गाणाऱ्या बाईंनी कुणाचा सूर धरायचा? जाणत्यांनी सल्ला दिला, दोन्ही बाजूंनी पाचरी ठोक आणि मोकळा हो. सागवानाच्या मुलखात लाकडाला काय तोटा! आमचा याला विरोध होता. घोडी जखडायचीच, तर साधी गिटार काय वाईट?

अखेर एकच पाचर बसवली, मानेकडच्या बाजूला. त्यामुळे तार तुटली तरी घोडी मागे जात नाही, आणि दांडी दाबून स्वर खाली नेता येतो. वर नेता येत नाही. हे नुकसान त्याला आमच्यापेक्षा अधिक जाणवले, कारण मींड वरच्या स्वरात विरवण्याची त्याला हौस. ती पाचर तो गिटारच्या पेटीत ठेवतो. भाऊबीजेनंतर मंडया सुरू झाल्या की बसवतो, होळीनंतर काढतो, आणि मग स्क्रू पाव-पाव वळसा फिरवण्यात आमची एक अख्खी दुपार जाते.