गारपीट म्हणजे छाटणी नव्हे

एप्रिल आला की माझ्या उजव्या तळहातावरचा घट्टा पुन्हा दुखायला लागतो. माल निघून गेलेला असतो, पानं थकलेली असतात, आणि कात्रीला धार लावून आम्ही खरड छाटणीला उतरतो. ज्या काडीनं वर्षभर घड पोसला, ती काडी ओलांड्याजवळ, म्हणजे तारेवर पसरलेल्या जाड फांदीजवळ, एकच डोळा ठेवून कापायची. एकरभर बाग कापून झाली की मंडपावर फक्त तारा आणि ऊन उरतं. नवख्या माणसाला वाटतं, यानं हातानं आपल्या बागेचा नाश केला.

तेरा वर्षांचा असताना मलाही तसंच वाटलं होतं. आई शेजारच्या ओळीत होती. मी घाबरत घाबरत कुठे दोन, कुठे तीन डोळे ठेवत चाललो होतो. ती मागे आली, मी कापलेल्या काड्या तिनं पाहिल्या, आणि काही न बोलता त्या पुन्हा कापत गेली. ओळीच्या टोकाला कात्री माझ्या हातात देऊन म्हणाली, "ही दया नाही रे, ही भीती आहे. एक डोळा ठेव."

आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती आणि दोन पिढ्यांचं द्राक्षबागायतदार. नाशिक जिल्ह्यात बाग असणं नवलाचं नाही, पण योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय कात्री हातात धरून ऐकायला मिळणं हे आमचं भाग्य. तिथे येशू स्वतःला वेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो आणि आपल्याला फाटे. फळ देणाऱ्या फाट्याला माळी छाटतो, अजून फळ यावं म्हणून. आमच्या एका पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की मूळ ग्रीक भाषेत तिथे 'छाटणे' यासाठी जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ 'स्वच्छ करणे' असाही होतो. पुढच्याच वचनात शिष्यांना 'शुद्ध' म्हटलंय, तो शब्दही त्याच घरातला. त्या दिवसापासून खरड छाटणीत मी कापण्याकडे कमी आणि साफ करण्याकडे जास्त बघायला शिकलो.

येशूच्या देशात हिवाळ्यात वेल झोपतो. पानं गळतात, आणि छाटणी त्या झोपेत होते. आपल्याकडे थंडी तितकी कडक नाही, वेल कधी पुरता झोपतच नाही. म्हणून महाराष्ट्रात द्राक्षाला दोन छाटण्या आणि पीक एक. एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरच्या आसपास गोडी. म्हणजे आमचा वेल जागेपणी कापला जातो. गोडी छाटणीनंतर जमिनीत ओल असेल तर कापलेल्या टोकातून थेंब थेंब पाणी गळत राहतं. लहानपणी मी ते थेंब बोटावर घेऊन चाखले आहेत. त्यांना काही चव नसते.

माझ्या विश्वासाला या धंद्यानं जे सर्वांत मोलाचं दिलं, ते खरड छाटणीनंतरच्या दोन महिन्यांतलं आहे. नव्या फुटी निघतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात वाढतात. त्या वाढीच्या भरात आम्ही त्यांना थांबवतो. सात पानांवर शेंडा मारायचा. मग बगलफूट निघते, ती सरळ वाढवायची, पाच पानांवर तिचाही शेंडा मारायचा. याला आम्ही सबकेन म्हणतो. याच सुमारास ठिबकचं पाणीही कमी करतो. बाहेरून बघणाऱ्याला हा छळ वाटेल. पण छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या त्या काळात, डोळ्याच्या आत, कुणाला न दिसता, ठरत असतं की पुढच्या हंगामात इथून घड निघणार की नुसती बाळी, म्हणजे बिनघडाचा तणावा. ऊन पडलं नाही, आभाळ दाटून राहिलं, पाणी जास्त झालं आणि वेल माजला, तर बाळी. आणि घडाला सर्वांत भरवशाचा डोळा कोणता? जिथे शेंडा मारला, जिथे वेलाला अडवलं, त्या गाठीजवळचा. गोडी छाटणीला मी काडी हातात घेतो तेव्हा बोट आपोआप त्या गाठीवर जातं. फुगीर, टणक, बोटाला जाणवणारी गाठ.

घड दिसतो नोव्हेंबरमध्ये, पण तो घडलेला असतो मे महिन्यात. माणसाचं शील असंच घडत असावं, असं मला गेली कित्येक वर्षं वाटत आलंय. लोकांना दिसतो तो आपला संयम, आपला खरेपणा. तो ज्या कोरड्या दिवसांत डोळ्यात धरला गेला, ते दिवस कुणी पाहिलेले नसतात. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटापासून आशेपर्यंत एक शिडी रचली आहे, आणि तिच्या मधल्या पायरीवर शील आहे. त्यासाठी त्यानं वापरलेल्या ग्रीक शब्दात पारखून उतरल्याचा अर्थ आहे. गोडी छाटणीच्या आधी आम्ही काड्या तपासणीला नेतो. प्रयोगशाळेत डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि सांगतात, कितव्या डोळ्यात घड आहे. मी एकदा स्वतः त्या भिंगातून पाहिलं. टाचणीच्या डोक्याहून लहान, पण घडाचा आकार कळत होता. पौलाचा तो शब्द मला त्या टेबलाशी कळला.

इथवरचं सगळं मी २०१४ च्या आधीही सांगू शकलो असतो. मंडळीत सांगतही होतो. उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलो की माझा विषय ठरलेला: देव छाटतो, म्हणून आपण फळतो. ऐकणाऱ्यांना आवडायचं. मलाही ते पुरेसं वाटायचं.

मार्च २०१४. उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. बाग काढणीला आली होती, व्यापाऱ्याशी बोलणं झालं होतं. दुपारी आभाळ भरलं आणि पत्र्यावर पहिली गार आपटली. पंधरा-वीस मिनिटं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर ठिकठिकाणी गारा पडल्या. आमच्या वाट्याला ती वीस मिनिटं आली. मंडपाखाली गेलो तर पायाखाली गारा आणि मणी एकमेकांत मिसळलेले. काड्या सोललेल्या, ओलांड्याची साल फुटलेली. तिसऱ्या दिवशी बागेला शिरक्याचा वास सुटला आणि माश्या घोंगावू लागल्या. तो वास अजून माझ्या डोक्यात आहे.

त्या आठवड्यात मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ आले. मनानं अतिशय चांगले. ओसरीवर बसून म्हणाले, "देव छाटतोय तुला. अजून फळ देशील." माझंच वाक्य होतं ते, मीच साक्षीत सांगितलेलं. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून आत गेलो. पुढचे दोन रविवार देवळात गेलो नाही.

आई तेव्हा सत्तरीला टेकलेली. सगळं आयुष्य तिनं बागेत काढलं होतं, आधी दुसऱ्यांच्या बागांत विरळणीच्या रोजावर, मग आमच्या. दुसऱ्या रविवारी ती देवळातून परतली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "गारपीट म्हणजे छाटणी नव्हे. छाटणारा वेलाजवळ येतो. कुठला डोळा ठेवायचा ते बघतो. गार बघत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "देव गारेत कुठे होता मला ठाऊक नाही. पण शेजारच्या अण्णांनी आज सकाळी आपल्या बागेत कात्री घातलीय, ते बघ जाऊन."

मी गेलो. अण्णा आमच्या बांधाला लागून असलेले शेतकरी, दर वर्षी न चुकता पंढरीला जाणारे. त्यांच्या स्वतःच्या बागेचंही नुकसान झालेलं. तरी ते पहाटेपासून आमच्या ओळीत होते. सडलेले घड काढून पाटीत टाकत होते, मोडलेल्या काड्या नीट कापत होते, फुटलेल्या सालीवर बोर्डो पेस्ट लावत होते. मला पाहून एवढंच म्हणाले, "ती बाजू तू घे." दिवसभर आम्ही दोघं त्यापलीकडे बोललो नाही.

योहानाचा पंधरावा अध्याय मला त्या दिवशी दुसऱ्यांदा मिळाला. फाटलेली काडी तशीच राहिली तर तिथून रोग आत शिरतो. तिला नीट कापावं लागतं, म्हणजे जखम भरते. गारेनं केलेली जखम माळ्याच्या हातात आली की मगच तिचं काही चांगलं होऊ शकतं. दुःख आपल्या जागी दुःखच असतं. ते स्वतःहून कुणाला शहाणं करत नाही. मी दुःखानं कडवट झालेली, आटून गेलेली माणसंही पाहिली आहेत. माणूस घडतो तो दुःखानंतर जे हात जवळ येतात त्यांच्यामुळे, आणि त्या हातांना आपण जवळ येऊ दिलं तर.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत याचं एक मोठं उदाहरण आहे, आणि तेही नाशिकच्याच मातीतलं. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंचा संसार दुभंगला. पुढे त्या पुन्हा टिळकांकडे आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. 'स्मृतिचित्रे' मी अनेकदा वाचलंय. त्यात त्या दुःखाला सोवळं नेसवत नाहीत, जसं घडलं तसं सांगतात, आणि सांगताना कुणाबद्दल विष ठेवत नाहीत. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे लिहिलं. हा घड कुठल्या कोरड्या दिवसांत धरला गेला असेल, ते ज्यानं वेल वाढवलाय त्याला कळेल.

माझ्या स्वतःच्या डोळ्यात काय धरलं गेलं होतं, ते मला सहा वर्षांनी कळलं. २०१४ ची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. त्या वर्षी पेठकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळीचे पैसे मी पाच महिने थकवले. माझ्याकडे नव्हते, हे खरं. पण मी त्यांचा फोनही उचलत नव्हतो, हेही खरं. माझ्यावर गारा पडल्या म्हणून त्यांच्यावर पडू दिल्या. पैसे शेवटी दिले, तेव्हा टोळीच्या मुकादमानं ते मोजून घेतले आणि मान खाली घालून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा पुन्हा माल वेलावर होता आणि बाजार बंद. व्यापारी यायचे थांबले. आम्ही अर्धा माल बेदाण्याला घातला, काही गावातच मिळेल त्या भावानं विकला. तीच टोळी होती, घरी जायला निघालेली, चेहऱ्यावर धास्ती. हातात आलेल्या पहिल्या पैशांतून मी त्यांचा हिशेब केला, पूर्ण. बायकोनं विचारलं, "बँकेचं काय?" मी म्हणालो, "बँकेला तोंड दाखवून थांबवता येईल." मी जाऊन तसं सांगितलंही. त्या रात्री मला जाणवलं की हे मी ठरवून केलं नव्हतं. हात आपसूक तिकडे गेला होता, काडीच्या गाठीवर जातो तसा. कधीतरी मधल्या वर्षांत, मान खाली घालून गेलेल्या त्या मुकादमाची आठवण सोसता सोसता, कुणीतरी माझा शेंडा मारला होता.

तेव्हापासून मी साक्ष द्यायला उभा राहिलो की दोन्ही सांगतो. छाटणीही सांगतो आणि गारपीटही, आणि दोन्हींत गल्लत करू नका असं सांगतो. तरुण मुलं आता बाग सोडून नाशिकला, पुण्याला नोकरीला गेली आहेत. त्यांच्यावर वेगळ्या गारा पडतात: गेलेली नोकरी, मोडलेलं लग्न, आईबापांचं आजारपण. त्यांना फोनवर वचन पाठवणं सोपं असतं, आणि वचन खरंच असतं. पण ज्याच्या बागेला शिरक्याचा वास सुटलाय त्याला आधी वचन ऐकू येत नाही, त्याला आधी माणूस दिसावा लागतो.

म्हणून तुमच्या ओळखीत कुणावर गारा पडल्या असतील, तर देव त्याला छाटतोय असं त्याला सांगू नका. पहाटे उठा, आपली कात्री घ्या आणि त्याच्या बागेत जा. तो आला की एवढंच म्हणा, ती बाजू तू घे.