रंगाखालची भेग

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला कधी गेलात, तर यारा नदीच्या काठाने जरूर फिरा. पाणी आपल्याकडच्या पावसाळी ओढ्यासारखं गढूळ! काठावर मोठं मत्स्यालय आहे, मुलं थेट तिकडेच धावतात. तुम्हीही जा, पण आधी शेजारच्या किंग स्ट्रीट पुलाखाली उभे राहून वर बघा. दिसायला साधा पूल, वरून मोटारींची घरघर. पण याची गोष्ट वेल्डिंग शिकणाऱ्यांना आजही सांगतात.

हा पूल १९६१ साली सुरू झाला. १० जुलै १९६२ रोजी (तिकडे जुलैत थंडी असते बरं का!) सुमारे ४५ टनांची एक गाडी त्यावरून चालली होती. अचानक पुलाचा एक गाळा मोडला आणि फूटभर खाली बसला. खालची जागा बंदिस्त करायला बांधलेल्या भिंतींनी तो झेलला, म्हणून कोणाचा जीव गेला नाही.

चौकशी झाली. तुळया जास्त ताकदीच्या पोलादाच्या होत्या. बळकटीसाठी त्यांच्या खालच्या अंगाला आणखी एक पट्टी वेल्डिंगने जोडली होती. तिच्या टोकाशीच भेगा पडल्या होत्या, आणि काही भेगांच्या आत चक्क रंग सापडला! म्हणजे तुळया कारखान्यातून निघाल्या तेव्हाच तडकलेल्या होत्या. भेग कोणाला दिसली नाही आणि वरून रंग फासला गेला.

इतकं दणकट पोलाद तडकतं कसं? वेल्डिंगचा जोड रसरशीत तापतो, पण भोवतालची जाड प्लेट थंडगार असते. ती सगळी उष्णता शोषून घेते आणि जोडालगतचं पोलाद झटकन निवतं. लोहार लालबुंद पातं पाण्यात बुडवतो ना, तसंच. ते कडक होतं, पण ठिसूळही. त्यात रॉडवरच्या लेपात ओल असली, तर तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. निवताना जोड आक्रसतो, ओढ बसते आणि भेग पडते. खोडी अशी, की ती कधी कधी एक-दोन दिवसांनी पडते. वेल्डर घरी जेवून झोपलेला असतो आणि इकडे पोलाद तडकतं!

म्हणून जाड प्लेट आधी शेकून घेतात. पोलाद आणि जाडी बघून शंभर-दीडशे अंशांपर्यंत. आणि काम संपेपर्यंत तिला गार होऊ देत नाहीत. मग जोड सावकाश निवतो, हायड्रोजनलाही बाहेर पडायला सवड मिळते. रॉड भट्टीत भाजून कोरडे करतात आणि गरम पेटीत ठेवतात. पापड सादळले की आई उन्हात घालते, तेच हे! तपासणीही घाईने उरकत नाहीत. दोन दिवस थांबून, रंग देण्याआधी करतात. भेग धातूच्या पोटात दडलेली असली, तरी ध्वनिलहरी सोडून ती शोधता येते.

पुलाची दुरुस्ती झाली. तो अजून वापरात आहे, डोक्यावरची घरघर त्याचीच. बघून झाला ना? आता खुशाल मासे बघायला पळा.